काचेतली मोठी आणि फोनमधलं पिल्लू

१६ एप्रिल २०२५, बुधवार. शाळांना सुट्टी लागलेली, त्यात बाहेर वेलिंग्टनचा वारा. अशा दिवशी अख्खं शहर पोराबाळांना घेऊन 'ते पापा' या न्यूझीलंडच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये लोटतं. मी तिथे होस्ट आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवून दालनात फिरायचं, कुणी विचारलं तर सांगायचं, कुणी काचेवर चढायला लागलं तर उतरवायचं, असं एकूण काम. त्या दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर, 'ते ताइआओ' या निसर्ग दालनात होती. तिथे हमखास गर्दी होते ती दोन ठिकाणी: भूकंपाचा अनुभव देणारं हलतं घर आणि कोलोसल स्क्विड या खोल समुद्रातल्या आठ हातांच्या अवाढव्य प्राण्याची टाकी.

दालन उघडण्याआधी एका सहकारी बाईंनी फोन माझ्या नाकासमोर धरला. बातमी ताजी होती. श्मिट ओशन इन्स्टिट्यूटचं 'फाल्कोर (टू)' हे संशोधन जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये साउथ सँडविच बेटांजवळ काम करत होतं. ९ मार्चला त्यांच्या 'सबॅस्टियन' या जहाजावरून चालवायच्या पाणबुडीच्या कॅमेऱ्यासमोर, ६०० मीटर खोलीवर, कोलोसल स्क्विडचं एक पिल्लू आलं. लांबी साधारण ३० सेंटिमीटर. गळाला लागून अर्धमेल्या अवस्थेत वर आलेले कोलोसल स्क्विड मच्छीमारांनी पाहिले होते. पण आपल्या ठिकाणी, खोल पाण्यात, स्वतःच्या मर्जीने फिरणारा जिवंत कोलोसल स्क्विड चित्रित झाल्याची ही पहिली पक्की नोंद. या जातीचं शास्त्रीय वर्णन १९२५ साली झालं होतं. म्हणजे बरोबर शंभर वर्षं गेली.

"आज आपलं काही खरं नाही," बाई म्हणाल्या. आणि तसंच झालं.

आमच्या टाकीतली मादी जगप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात 'सॅन ॲस्पायरिंग' ही बोट टूथफिश पकडत होती. गळाच्या लांब दोरीवर एक टूथफिश वर येत होता आणि त्याला ही बया घट्ट धरून बसली होती. खाणं सोडून द्यायला तयार नाही. कप्तान जॉन बेनेट आणि खलाशांना तिला बोटीवर घ्यायला जवळजवळ दोन तास लागले. मग तिला गोठवून न्यूझीलंडला आणलं. वजन भरलं ४९५ किलो. इतकं वजनदार बिनकण्याचं जनावर तोवर कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं.

पुढचं वर्षभर प्रश्न एकच होता: अर्धा टन बर्फाचा गोळा वितळवायचा कसा? बाहेर ठेवला तर वरचं मांस सडेल आणि आत बर्फ तसाच राहील. मोठ्या औद्योगिक मायक्रोवेव्हचासुद्धा विचार झाला होता. शेवटी थंडगार मिठाच्या पाण्याच्या टाकीत हळूहळू वितळवायचं ठरलं. ते काम एप्रिल-मे २००८ मध्ये झालं. टाकीवर वेबकॅम लावले आणि जगभरातल्या लाखो लोकांनी घरबसल्या ते पाहिलं. मी तेव्हा पुण्यात होतो आणि मीही त्यांच्यातलाच एक. पाहिलं काय, तर बर्फ वितळताना. मधूनच रबरी कपड्यातला एखादा माणूस येऊन पाण्यात हात घालायचा, थर्मामीटर बघायचा, निघून जायचा. त्यावर तासन्‌तास डोळे लावून बसणाऱ्या लोकांना 'सवंग करमणूक हवी असते' असं कुणी म्हणालं, की माझं टाळकं सरकतं. कसोटी सामना पाहायला सुद्धा याहून कमी सबुरी लागते.

तर टाकीपाशी येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "केवढा?" आणि दुसरा, उत्तर ऐकून थोडं हिरमुसून, "एवढाच?" कारण सुरुवातीच्या बातम्यांत तिची लांबी १० मीटर छापून आली होती. प्रत्यक्षात पट्टी लावली तेव्हा ४.२ मीटर भरली. कुणी फसवलेलं नव्हतं. या प्राण्याच्या दोन लांब शुंडा रबरासारख्या ताणल्या जातात आणि मेल्यावर आखडतात, त्यामुळे स्क्विडची लांबी मापणं म्हणजे कुणी कुठे किती ओढलं यावर आलं. म्हणून शास्त्रज्ञ धडाच्या लांबीला आणि वजनाला जास्त किंमत देतात. लांबीत जायंट स्क्विड हिच्या पुढे जातो, शुंडा धरून १२ मीटरच्या घरात. पण तो सडपातळ. ही आखूड आणि दांडगी. जायंट आणि कोलोसल ही भावंडंसुद्धा नाहीत, कुळंच वेगळी. हे मी दिवसातून इतक्यांदा सांगतो की घरी बायकोला पाठ झालं आहे.

त्या बुधवारी मात्र सकाळी अकराच्या सुमाराला टाकीपाशी एक अजब दृश्य होतं. तीन-चार फोन काचेला टेकवलेले. प्रत्येकात तेच चित्रण. काचेआड फिकट, सुरकुतलेली, जागोजागी साल गेलेली, द्रवात पडलेली मादी. आणि काचेबाहेर हाताच्या पंज्यावर मावणाऱ्या पडद्यात तिच्याच जातीचं पिल्लू, आरपार दिसणारं. काचेच्या भांड्यात कुणी लाल-तपकिरी ठिपके शिंपडावेत तसं. हात वर गोळा केलेले, डोळ्यांवर चमक, आणि पंख हलवत निवांत चाललेलं. लोक एकदा फोनकडे बघत, एकदा टाकीकडे. एका बाईंनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "ही नक्की तीच जात आहे ना?"

प्रश्न रास्त होता. शास्त्रज्ञांनाही तोच पडला होता. काचेसारख्या पारदर्शक स्क्विडांचं एक मोठं कुळ आहे आणि त्यातल्या लहान पिल्लांत फरक करणं कठीण. याच जहाजाने त्याच वर्षी जानेवारीत ग्लेशियल ग्लास स्क्विड हा त्याच कुळातला दुसरा प्राणीही पहिल्यांदाच जिवंत टिपला होता. ओळख पटली ती आकड्यांवरून. कोलोसल स्क्विडच्या आठही हातांच्या मधल्या भागावर आकडे असतात, दुसऱ्याला तसे नसतात. चित्रण थांबवून मोठं केलं की ते दिसतात. ओकलंडच्या एयूटी विद्यापीठातल्या स्क्विडतज्ज्ञ कॅट बोलस्टॅड यांनी ती ओळख पक्की केली. २००८ च्या त्या वितळवण्याच्या कामातही त्या होत्या आणि २०१४ मध्ये दुसरी एक, ३५० किलोची मादी याच म्युझियमच्या संशोधन विभागात तपासली गेली, तेव्हाही त्याच पुढे होत्या. मी त्या बाईंना टाकीतल्या हातावरचे आकडे दाखवले. त्यांनी फोनवर चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं, आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. "केवढा" विचारलंच नाही.

साडेबाराच्या आसपास मागून आवाज आला, "ह्यां माकूलच मां?" स्क्विडला मालवणीत माकूल म्हणतात.

मी गर्रकन वळलो. नऊवारी नव्हे, पण चापून-चोपून नेसलेलं पाचवारी, वर लेकाचं ढगळ जॅकेट, पायात पांढरे बूट. मालवणच्या आजी. लेक-सून लोअर हटला राहतात, त्यांच्याकडे आल्या होत्या. सोबत आजोबा, आणि बॅटरी संपत आल्यासारखा दिसणारा मुलगा. मी मराठीत बोललो तशी आजींनी मला ताब्यातच घेतलं.

"हो आजी, माकूलच. पण अंटार्क्टिकाचं."

"झिला, माकूल साफ करताना पयली चोच काढूक व्हयी. ह्येची चोच खंय आसा?"

आता मी पडलो पुण्याचा. आमची मजल पापलेट, सुरमई आणि फार तर बांगड्यापर्यंत. माकूल मी ताटातच पाहिलेलं, तेही चकत्या करून. आजींनी आपला डावा पंजा पालथा केला, बोटं खाली सोडली आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी त्या बोटांच्या मधोमध घालून असं काही दाबलं की मला ती चोच टपकन्‌ बाहेर पडलेली दिसली. मग डोकं ओढायचं, त्यासोबत आतली सगळी घाण येते, शाईची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळं काळंभोर. मग पाठीतली ती पारदर्शक काडी खेचायची, मग वरचं साल. हे सगळं त्यांनी हवेत, एका दमात करून दाखवलं. भोवती जमलेल्या चार गोऱ्या कुटुंबांनी टाकीकडे पाठ फिरवून आजींचे हात पाहिले. भाषेचा एक शब्द कळत नव्हता आणि कुणाचं काही अडलंही नाही.

चोच हातांच्या मुळाशी लपलेली असते, ती बाहेरून दिसत नाही, असं मी सांगितलं. पण आजींनी विचारलं होतं अगदी नेमकं. कोलोसल स्क्विडबद्दल माणसाला जे कळलं त्यातलं निम्मं या चोचीमुळेच कळलं आहे. स्क्विडचं बाकी सगळं अंग मऊ. स्पर्म व्हेलच्या पोटात गेलं की विरघळून जातं. चोच तेवढी पचत नाही. १९२५ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ गाय रॉबसन यांनी या जातीचं वर्णन केलं ते मात्र स्पर्म व्हेलच्या पोटात न विरघळता उरलेल्या हातांच्या अवशेषांवरून. व्हेलच्या पोटातल्या चोची जमवून, मापून, त्यावरून किती स्क्विड असतील, केवढे असतील याचे हिशेब पुढे अनेक वर्षं मांडले गेले. आमच्या मादीच्या खालच्या चोचीचं ठरावीक माप ४२.५ मिलिमीटर भरतं. व्हेलच्या पोटात सापडलेल्या काही चोची ४९ मिलिमीटरपर्यंत आहेत.

आजींनी हिशेब लगेच केला. "म्हंजे हिच्यापेक्षा मोठी आसत खाली."

"आहेत आजी. फक्त व्हेलने पाहिलीत."

आजोबा तोवर गप्प होते. आता त्यांनी तो प्रश्न विचारलाच, जो लहान-थोर, देशी-परदेशी सगळे विचारतात: "चवीला कसा?" अमोनियाच्या क्षारांनी भरलेलं अंग, म्हणूनच एवढा बोजड प्राणी बुडत नाही, पण तोंडात घालवणार नाही, असं मी सांगितलं. आजोबांचा चेहरा पडला. मग त्यांना बरं वाटावं म्हणून मेंदूचं सांगितलं. हिचा मेंदू मेदूवड्यासारखा आहे, मधे भोक, आणि अन्ननलिका त्या भोकातून जाते. भोक जेमतेम एक सेंटिमीटरचं. मोठा घास गिळला तर मेंदूलाच दुखापत. म्हणून चोचीने बारीक तुकडे केल्याशिवाय गिळण्याची सोय नाही. आजोबा आजींकडे वळून म्हणाले, "बघ. सावकाश जेवतंय म्हणून माका नावं ठेवतंस." आजींनी ते ऐकलंच नाही, त्या पुन्हा काचेला चिकटून डोळा शोधत होत्या.

डोळ्याची गंमत वेगळीच. २००८ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले एरिक वॉरंट आणि डॅन-एरिक निल्सन खास या डोळ्यांसाठी वेलिंग्टनला आले होते. व्यास भरला सुमारे २७ सेंटिमीटर. एवढा डोळा प्राणिसृष्टीत मापलेलाच नव्हता. आता टाकीत तो तसा दिसत नाही. सुकून आत गेला आहे. एवढ्या डोळ्याचं अंधारात काम काय, यावर त्यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेलं उत्तर मला फार आवडतं. शिकार शोधायला इतका मोठा डोळा लागत नाही, थोड्या लहान डोळ्यानेही तेवढंच भागतं. पण स्पर्म व्हेल पोहत येते तेव्हा तिच्या धक्क्याने पाण्यातले बारीक जीव चमकतात. ती धूसर, भलीमोठी, हलती चमक शंभर-सव्वाशे मीटरवरून ओळखायची तर डोळा असाच हवा. म्हणजे हा डोळा बहुधा व्हेल दुरूनच दिसावी आणि पळायला वेळ मिळावा म्हणून. अर्ध्या टनाची राक्षसीण म्हणून जिचे पोस्टर लोक घरी नेतात, तिच्या अंगातला सगळ्यात नवलाचा अवयव भित्र्याचा आहे. हे सांगितलं की लोक एकदम शांत होतात. काहींना ते पसंत पडत नाही, हेही खरं. एकदा एका गृहस्थांनी माझ्याशी वाद घातला होता की स्क्विड व्हेलला घाबरणं शक्यच नाही.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. फोन नाही, नातवंडं नाहीत. बराच वेळ बाकावर बसून गर्दी ओसरायची वाट पाहत होते. मग उठून टाकीपाशी आले आणि म्हणाले, "मी टूथफिशच्या बोटींवर होतो." स्क्विड त्यांना कधी लागला नव्हता. पण वर आलेल्या टूथफिशच्या अंगावर ओरखडे असायचे, चामडी सोलून निघालेली, तीही एका रेषेत. त्यांनी काचेवर बोटाने रेघ ओढून दाखवली. हे सांगताना ते शुंडांच्या टोकाकडे पाहत होते. तिथले आकडे मुळाशी फिरतात, कुठल्याही बाजूला वळतात. सावज सुटायला धडपडलं की आकडा त्याच्याबरोबर वळतो आणि सुटत नाही. हे मी सांगायला गेलो तर ते हसले. "आम्हाला माशाच्या पाठीवरून कळलं होतं," म्हणाले. मला बरं वाटलं, कारण या प्राण्याच्या अभ्यासाचा इतिहास खरा तसाच आहे. शास्त्रज्ञ खाली पोचायच्या आधी व्हेल, टूथफिश आणि मच्छीमार तिथे जाऊन आलेले. कॅमेरा सगळ्यात शेवटी.

मी त्यांना फोनवर पिल्लू दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, फोन नाकाजवळ धरून पाहिलं आणि विचारलं, "पुढे कुठे गेलं ते?"

दिवसभरात मला हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. पुढे काय झालं? त्याला दिवा दिसला का? ते घाबरलं का? एकटंच का होतं? आई कुठे होती? (आईचा प्रश्न विचारणारी मुलगी टाकीकडे बोट दाखवून विचारत होती. मी म्हटलं, ही नव्हे. ही तर अठरा वर्षांपूर्वीच गेली.) कॅट बोलस्टॅड त्या बातमीत म्हणाल्या होत्या की या प्राण्यांना माणूस नावाचं काही अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, आणि त्यामुळे नम्र व्हायला होतं. मी ते वाक्य एका शाळकरी टोळीला सांगितलं, तर त्यातला एक म्हणाला, "आता एकाला माहीत आहे."

चारच्या पुढे गर्दी पातळ झाली. वही घेऊन आलेला एक मुलगा उरला होता, असेल नऊ-दहा वर्षांचा. त्याने टाकीचं चित्र काढलं होतं, शेजारी पिल्लाचं, दोघांना एकाच मापात. तो वैतागलेला होता. एवढंसं पिल्लू दाखवून त्याला कोलोसल म्हणायचं ही फसवणूक आहे, असं त्याचं स्पष्ट मत. मोठ्याचं चित्रण कुठाय?

"खोल पाण्यातल्या मोठ्या कोलोसलचं अजून कुणालाच मिळालेलं नाही," मी म्हणालो.

"का?"

मी त्याला सांगितलं ते असं. पाणबुडी यंत्र म्हणजे गोंगाट आणि झगमगाट. ज्याचा डोळा सव्वाशे मीटरवरची फिकट चमक टिपतो, तो असल्या वरातीच्या आसपास कशाला फिरकेल?

"मग दिवा बंद करायचा."

"केला होता ना. जायंट स्क्विडसाठी." २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ एडिथ विडर या समुद्रशास्त्रज्ञ बाईंनी ज्या लाल प्रकाशाकडे खोल पाण्यातले बहुतेक जीव ढुंकूनही पाहत नाहीत तो वापरला, यंत्राची घरघर नसलेला कॅमेरा खाली सोडला, आणि आमिष म्हणून चमकणाऱ्या जेलीफिशची नक्कल करणारे निळे दिवे लावले. जायंट स्क्विड आला. त्याच मोहिमेत जपानी शास्त्रज्ञ त्सुनेमी कुबोदेरा यांनी पाणबुडीत बसून त्याला डोळ्यांनी पाहिलं. कुबोदेरांनी त्याआधी २००४ मध्ये दोरीला कॅमेरा बांधून त्याचे पहिले जिवंत फोटो काढले होते.

मुलाने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "मग या लोकांनी तसं का नाही केलं?"

"कारण ते याला शोधतच नव्हते. दुसऱ्याच कामाला गेले होते, नव्या जाती शोधायला. हे मधेच आलं."

यावर त्याने बराच विचार केला. पिल्लाच्या चित्राखाली '३० सेमी' लिहिलं, मोठीच्या चित्राखाली '४.२ मी', आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक कॅमेरा काढला, लाल रंगाने. आईने भूकंपाच्या घराच्या रांगेतून हाक मारली तशी वही बंद करून तो पळाला. दालन बंद व्हायला अजून वेळ होता, आणि जिन्यावरून नवीन घोळका फोन पुढे धरूनच वर येत होता.